आटे सरळ पाडायचे तर ड्रिल मशीन बंद ठेवून पाडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात कौशल्य, रोजगार, ट्रेनिंग यावर बरंच छापून येतं, मुलांना काम नाही आणि कारखानेवाल्यांना कामाचा माणूस मिळत नाही ह्या दोन्ही तक्रारी कधी कधी तर एकाच पानावर वाचायला मिळतात. पण कौशल्य म्हणजे नेमकं काय, पोराच्या हाताला काय यायला पाहिजे, हे कोणीच लिहीत नाही. म्हणून आज मी एकाच कामाबद्दल लिहितोय, जरा लांब होईल पण जागा द्या ही विनंती. काम आहे लोखंडाच्या भोकात सरळ आटे पाडायचं, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत टॅप मारायचं; टॅप म्हणजे आटे कापायचं हत्यार.

माझं सगळं आयुष्य बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फिटर म्हणून गेलं. तिथल्या छोट्या शेडमध्ये लेथ नसेल एकवेळ, पण ड्रिल मशीन असतंच, बेंचवरचं १३ मिलिमीटर चकवालं (चक म्हणजे ड्रिल पकडणारा जबडा) तरी असतंच असतं. आणि तरी काय होतं बघा, भोक मशीनवर पाडतात, ते एकदम सरळ येतं, मग जॉब, म्हणजे भोक पाडलेला तुकडा, काढतात, शेगड्यात म्हणजे वाईसमध्ये बांधतात, टॅपला हँडल लावतात आणि डोळ्याने अंदाज घेत फिरवायला लागतात. म्हणजे सरळपणा जो मशीनने फुकटात दिला होता तो जॉब उचलताच घालवला. मग टॅप कलला की उस्ताद पोराला बोलतो, तुझा हात बसला नाही अजून. हात बसायचा प्रश्नच नाहीये इथे! टॅपचा कल पहिल्या दोन-तीन आट्यांत ठरून जातो, त्यानंतर तो आपल्याच पाडलेल्या वाटेने जातो, आणि नंतर त्याला ओढून सरळ करायला गेलं की एकतर भोकाचं तोंड मोठं होतं नाहीतर टॅप मोडतो. तेव्हा जे काय करायचंय ते सुरुवातीलाच करायला पाहिजे, आणि त्याची सोय त्याच ड्रिल मशीनमध्ये आहे जे बाजूला उभं असतं.

सोय अशी. भोक पाडून झालं की जॉब हलवायचा नाही, वाईस सोडायचा नाही, टेबल हलवायचं नाही. मशीन बंद करायचं, नुसता स्विच नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर. चकमधलं ड्रिल काढायचं आणि त्याच चकमध्ये टॅप बांधायचा, चक की तिन्ही भोकांत लावून आवळायचा कारण टॅपची दांडी कडक आणि गुळगुळीत असते, एका भोकातून आवळलं तर ती हमखास सरकते. आवळून झालं की चक की बाहेर काढायची. मग डाव्या हाताने मशीनचं हँडल हलकं खाली धरायचं आणि उजव्या हाताने चक फिरवायचा, हाताने, सावकाश. चक जड जात असेल तर बेल्ट पुलीवरून उतरवून ठेवायचा, मग स्पिंडल, म्हणजे चक ज्याच्यावर बसतो तो दांडा, मोकळा फिरतो. ड्रिल ज्या रेषेत खाली गेलं त्याच रेषेत टॅप खाली जातो, दुसरीकडे जायला त्याला जागाच नाही. चार-पाच आटे पकडले की चक सैल करायचा, स्पिंडल वर घ्यायचा, टॅप जॉबमध्येच उभा राहतो, आता त्याला नेहमीचं हँडल लावा आणि बाकीचं हाताने पूर्ण करा. अर्ध्या फेरीला किंवा एका फेरीला थोडं मागे फिरवून किस, म्हणजे कापलेला चुरा, तोडायचा हे सगळ्यांना माहितीये, ते सांगत बसत नाही. म्हणजे सुरुवात मशीनच्या भरवशावर आणि पुढचं हाताच्या जाणिवेवर, टॅप कुठे जड होतोय, कुठे किस अडकलाय हे हाताला जसं कळतं तसं मशीनला कधीच कळत नाही.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते, मोठ्या टॅपला तर तीच बरी. चकमध्ये टॅप नाही बांधायचा, एक टोकदार पिन बांधायची, ६० अंशाचं टोक केलेली. नेहमीच्या हँड टॅपच्या मागच्या टोकाला बघा, मध्ये एक छोटं सेंटरचं भोक असतं, ते काही शोभेला दिलेलं नाही. पिनचं टोक त्या सेंटरमध्ये बसवायचं, टॅपला हँडल लावलेलं असतंच, आणि हँडल फिरवताना दुसऱ्या हाताने स्पिंडल हलका दाबून टॅपच्या मागे मागे खाली आणत राहायचा. स्पिंडल फिरत नाही, तो फक्त टॅपला सरळ धरतो. ३-४ मिलिमीटरच्या बारीक टॅपला मागे भोकाच्या ऐवजी टोकच असतं, त्याला उलट खड्डा पाडलेली पिन लागते. स्प्रिंगवाली पिन बाजारात तयार मिळते, तिला टॅप फॉलोअर म्हणतात, स्प्रिंग आपोआप दाब ठेवते मग एक हात मोकळा राहतो. नाही घेतली तरी चालेल, लेथवाल्याकडून टोक करून घेतलेला गोल रॉडचा तुकडा वर्षानुवर्षं जातो.

आता ह्यात अडचण येते ती पण सांगतो, नाहीतर कोणीतरी करून बघेल आणि म्हणेल जमत नाही. ड्रिल आणि टॅप यांची लांबी वेगळी. लहान मशीनचा स्पिंडल साधारण पन्नास-साठ मिलिमीटरच खाली येतो, मग ड्रिल काढून टॅप लावला की तो भोकापर्यंत पोचतच नाही किंवा उलट टॅप आत घालायला जागाच उरत नाही, आणि मग माणूस काय करतो, टेबल वर-खाली करतो. गोल पिलरचं मशीन असेल तर टेबल सैल केलं की ते बाजूला फिरतं आणि सेंटर गेलं. म्हणून आधीच, भोक पाडायच्याही आधी, ड्रिल आणि टॅप दोन्ही चकमध्ये लावून बघायचे आणि दोघांना पुरेल अशी टेबलची उंची ठेवायची. आखूड ड्रिल वापरलं तर आणखी सोपं. आणि तरीही सेंटर गेलंच तर घाबरायचं नाही, वाईसचे बोल्ट सैल ठेवायचे, टॅप हळूच भोकात उतरवायचा, टॅपच्या पुढच्या निमुळत्या भागाने वाईस स्वतःहून जागेवर सरकतो, मग आवळायचा. एका प्लेटला बरीच भोकं असतील तर मी तरी असंच करायचो, आधी सगळी भोकं, मग मोकळ्या वाईसवर एकेक टॅप.

आणखी एक, मशीनचं टेबलच स्पिंडलला काटकोनात नसेल तर वरचं सगळं फुकट. बऱ्याच मशीनचं टेबल कलतं करता येतं आणि कोणीतरी कधीतरी ते कलवलेलं असतं. तपासायला डायल गेजसारखं मापाचं साधन पाहिजे असं काही नाही. जाड तार एल आकारात वाकवून चकमध्ये धरायची, तिचं टोक टेबलाला टेकेल न टेकेल इतकं खाली आणायचं, खाली कागद सरकवायचा आणि चक हाताने फिरवून चारी बाजूला बघायचं, कागद सगळीकडे सारखाच घासला पाहिजे. एका बाजूला अडकतो आणि दुसऱ्या बाजूला सुटा जातो म्हणजे टेबल कललंय. पाच मिनिटांचं काम आहे.

आता कोणी म्हणेल की एवढं काय, एखाद अंश कलला तर काय बिघडतं. हिशोब करून बघा. एक अंश कल म्हणजे २० मिलिमीटर खोलीत ०.३५ मिलिमीटर सरकलं. तोच बोल्ट वर १०० मिलिमीटर उभा असेल तर टोकाला पावणेदोन मिलिमीटर. आणि एक-दोन अंश नुसत्या डोळ्याला चटकन दिसत नाहीत, काटकोन बघायचा गुण्या लावावा लागतो, तोही दोन बाजूंनी, समोरून आणि कडेने. बोल्ट कलला की त्याचं डोकं प्लेटवर एकाच कडेला टेकतं, आवळताना बोल्टवर ताण येतोच पण जोडीला तो वाकतोही, आणि ती एक कड थोडी दबली की सगळी पकड सैल. आमच्या भागातल्या एका मंडळाने गणपतीसाठी नवीन लोखंडी ट्रॉली करून घेतली होती, १२ मिलिमीटरच्या प्लेटमध्ये एम १२ चे, म्हणजे १२ मिलिमीटर बोल्टचे, आटे पाडून चाकं बसवलेली. विसर्जनाच्या आधी कार्यकर्त्यांनी मला दाखवायला बोलावलं कारण एक चाक वाजत होतं. बघितलं तर बोल्टच्या डोक्याखाली एका बाजूने ब्लेड आरामात सरकत होतं आणि चकती दुसऱ्या बाजूला चकचकीत घासलेली. वेल्डिंग उत्तम, लोखंड उत्तम, रंग उत्तम, फक्त टॅप डोळ्याने मारलेला. त्या ट्रॉलीच्या आजूबाजूला लहान मुलं चालतात हो, म्हणून हे मला क्षुल्लक वाटत नाही.

मशीन चालू ठेवून टॅप मारायचा का, हा प्रश्न नवीन पोरं नेहमी विचारतात कारण मोबाईलवर व्हिडिओत बघतात, भुर्रकन टॅप आत आणि भुर्रकन बाहेर. मोठ्या कंपनीत ते होतं आणि बरोबर होतं, तिथे टॅपिंगचं वेगळं मशीन असतं किंवा टॅपिंग अटॅचमेंट असते, तिच्यात क्लच असतो, जास्त जोर आला की घसरतो, बाहेर येताना आपोआप उलटी फिरते, आणि टॅपही वेगळा असतो, आरपार भोकाला किस पुढे ढकलणारा गन टॅप आणि बंद भोकाला किस वर खेचणारा स्पायरल टॅप. आपल्या बेंच ड्रिलला ह्यातलं काही नाही. साधा हिशोब सांगतो, मशीन ५०० आरपीएमवर आहे, म्हणजे मिनिटाला ५०० फेऱ्या, आणि टॅप एम ६, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिलिमीटर, म्हणजे टॅप मिनिटाला ५०० मिलिमीटर आत जाणार, सेकंदाला आठ मिलिमीटरच्या वर. १२ मिलिमीटरचं बंद भोक दीड सेकंदात संपलं! त्या दीड सेकंदात तुम्ही स्विच शोधणार का हँडल सांभाळणार, आणि स्विच बंद केला तरी चक लगेच थांबत नाही. मग टॅप तळाला आपटतो आणि मोडतो, आणि जॉब नीट बांधलेला नसेल तर वाईससकट फिरतो. बोटं जातात अशाने. म्हणून ज्या शेडमध्ये शिकाऊ पोरं आहेत तिथे साध्या ड्रिल मशीनवर पॉवरने टॅप मारायला सरळ मनाई असावी असं माझं स्पष्ट मत आहे, मालकाला घाई असली तरी. आणि ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, मनगटातला दोरा, कडं, ओढणी, मोकळी वेणी हे पण सांगायलाच पाहिजे, आता मुलीसुद्धा ह्या ट्रेडला येतायत आणि चांगलं काम करतायत.

टॅप मोडायचं सगळ्यात मोठं कारण मात्र कल नाही, चुकीचं भोक आहे. नियम एकदम सोपा, बोल्टच्या मापातून पिच वजा करा. एम ६ पिच १, भोक ५. एम १० पिच १.५, भोक ८.५. एम १२ पिच १.७५, भोक १०.२५, म्हणजे १०.२ चं ड्रिल. घोळ होतो तो एम ८ ला, पिच १.२५ म्हणून भोक पाहिजे ६.८ च्या आसपास, आणि ड्रिलचा जो अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचा डबा मिळतो त्यात ६.५ असतं आणि ७ असतं, ६.८ नसतं. मग माणूस म्हणतो घट्ट बसेल, ६.५ ने पाडतो. ६.५ ने आटे पूर्ण उंचीच्या ९० टक्क्यांच्या वर भरतात, टॅपला एवढं मटेरियल कापायला लागतं की तो करकरायला लागतो. ६.८ ला साधारण ७४ टक्के भरतात आणि तेवढे भरपूर झाले, आटे शंभर टक्के भरल्याने ताकद थोडीशीच वाढते पण टॅपवरचा जोर कितीतरी वाढतो. डब्यात ६.८ नसेल तर सुटं एक विकत आणा, ते जमलं नाही तर साध्या कामाला ७ चं चालेल, ६.५ नको. आणि आटे किती खोल पाहिजेत, तर लोखंडात बोल्टच्या जाडीइतके, बिडात दीडपट, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट धरा.

आपल्याकडे अजून एक भानगड म्हणजे सुती माप, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जुन्या मशिनरीत, शेतीच्या अवजारांत, जुन्या गेटमध्ये अजून इंची व्हिटवर्थचे बोल्ट आहेत, तो आटा इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ठरवून दिलेला, त्याचा कोन ५५ अंश आणि मेट्रिकचा ६०. अडीच सुती बोल्ट म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिलिमीटर, आणि एम ८ म्हणजे ८, हातात घेतले तर फरक कळत नाही. पण एकाला इंचात १८ आटे आणि दुसऱ्याचा पिच १.२५, म्हणून दोन-तीन फेऱ्या जातो आणि अडकतो, मग पाना लावून जोर, मग आटे गेले. आट्यांचं अंतर मोजायचं पिच गेज शंभर वेळा लावा पण अंदाजाने टॅप उचलू नका.

तेलाचं थोडक्यात. लोखंडाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, बीड आणि पितळ कोरडंच चालतं. स्टेनलेसला चांगलं गंधकवालं कटिंग ऑइल घ्या आणि टॅप घासत ठेवू नका, कापत राहा, घासला की ते मटेरियल जागेवरच कडक होतं. मशीनवर टॅप धरताना स्पिंडलची स्प्रिंग वर ओढते हे लक्षात ठेवायचं, एम ३ सारखा बारीक आटा ॲल्युमिनियममध्ये असेल तर ती स्प्रिंग आटे खरवडून काढते, म्हणून मशीनच्या हँडलवर हाताचा हलका दाब सोडायचा नाही.

आणि इतकं करून टॅप मोडलाच तर छन्नीने फोडत बसू नका, मकरपुऱ्यात स्पार्क मशीनवाले आहेत, ते विजेच्या ठिणगीने मोडका टॅप जाळून काढून देतात, जॉबचे आटे शाबूत राहतात. जॉब पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर तुरटी. खरंच, आपली घरातली तुरटी. गरम पाण्यात भरपूर तुरटी विरघळवून जॉब त्यात ठेवला आणि पाणी गरम राखलं की पोलादाचा टॅप हळूहळू खाल्ला जातो आणि पितळ तसंच राहतं, घड्याळजी मोडके स्क्रू असेच काढायचे. वेळ लागतो, काही तास ते एखाद दिवस. लोखंडी किंवा बिडाच्या जॉबला मात्र अजिबात करू नका, टॅपबरोबर जॉबही जाईल.

हे सगळं आयटीआयच्या पुस्तकात नाही असं मी म्हणत नाही. टॅपचे तीन नंबर, भोकाचं माप, गुण्याने तपासणं, सगळं आहे आणि पोरं पाठही म्हणून दाखवतात. पण ड्रिल मशीन बंद ठेवून त्याचा गाइड म्हणून उपयोग करायचा ही गोष्ट मी ज्या ज्या नवीन पोराला विचारली त्याला ती शेडमध्ये आल्यावरच कळलेली, कोणी दाखवली तर. ज्यांच्याकडे मशीनच नाही त्यांच्यासाठीही उपाय आहे, २५ मिलिमीटर जाड लोखंडाच्या तुकड्यात कोणाच्या तरी चांगल्या मशीनवर ६, ८, १०, १२ ची सरळ भोकं पाडून आणायची, तो ठोकळा जॉबवर क्लॅम्प करायचा आणि त्या भोकातून टॅप घालायचा. वेल्डिंगवाल्यांनी साइटवर नेण्याच्या पेटीत असा एक ठोकळा टाकून ठेवावा, ट्रॉली, रेलिंग, झुल्याचे ब्रॅकेट, सगळीकडे उपयोगी पडतो.

बडोद्यात बसून हे सांगावं लागतं ह्याचं मला जास्त वाईट वाटतं. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्यात इथे कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय सुरू झालं, प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जरांनी ते उभं केलं, दादासाहेब फाळके तिथे शिकून गेले. हाताचं काम शास्त्र समजून करायचं आणि ते लोकांच्या भाषेत शिकवायचं असा गज्जरांचा आग्रह होता. आज तेच कलाभवन युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे आणि इथल्या वर्कशॉपमध्ये मशिनरीची कमी नाही. माझी विनंती एवढीच आहे की महिन्यातून एका रविवारी तिथलं किंवा कुठल्याही आयटीआयचं वर्कशॉप दोन तास बाहेरच्या कारागिरांना उघडावं, शेडमधल्या पोरांना येऊ द्यावं, आणि एका रविवारी एकच काम दाखवावं, भाषणं नकोत, सत्कार नकोत, हारतुरे नकोत. माझ्यासारखे रिटायर झालेले बरेच फिटर, टर्नर दांडिया बाजार, शियाबाग, रावपुरा भागात आहेत, बोलावलं तर पैसे न घेता येतील, मी तर नक्की येईन.

आणि आपणही आठवड्याला पाव कॉलम ह्या कामांसाठी ठेवलात तर फार बरं होईल, स्वयंपाकाला आणि राशिभविष्याला जागा असतेच. पुढचा विषय मी आत्ताच सुचवतो, हाताने ड्रिलला धार लावणं. ११८ अंशाचं टोक आणि दोन्ही ओठ, म्हणजे कापणाऱ्या कडा, सारखे पाहिजेत, एक ओठ लांब झाला की भोक मापापेक्षा मोठं येतं, आणि मग टॅप कितीही सरळ मारला तरी आटे अर्धवटच भरतात. कोणी जाणकार त्यावर लिहिणार असेल तर उत्तम, नाहीतर मी लिहून पाठवतो.

आपला,
एक जुना फिटर, शियाबाग, बडोदा